बंबावरचं शिवधनुष्य

आपल्याकडे शिवधनुष्य पेलणाऱ्यांची कमतरता नाही. लोहा तालुक्यातल्या कुठल्याही सत्काराला जाऊन बसा; कुणीतरी कशाचं तरी शिवधनुष्य पेललेलं असतंच. सोसायटीच्या वसुलीचं शिवधनुष्य, सप्ताहाच्या पंगतीचं शिवधनुष्य, स्मशानभूमीवरच्या पत्र्याच्या शेडचं शिवधनुष्य. मूळ गोष्टीत ते धनुष्य शेवटी मोडलं होतं, हा तपशील हारतुऱ्यांच्या गडबडीत राहून जातो. पेलणारे गल्लोगल्ली, स्वतःच्या हाताने धनुष्य करणारा मात्र शोधून सापडत नाही.

आमच्या पिढीचं धनुर्विद्येचं शिक्षण दूरदर्शनवर झालं. १९८७-८८ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीत अख्खी गल्ली बसायची. दोन बाण दोन दिशांनी निवांत यायचे, अधांतरी एकमेकांची विचारपूस करायचे आणि मग फुटायचे. भाग संपला की गावातल्या छत्र्यांवर संक्रांत यायची. छत्रीची काडी वाकवली की धनुष्य, खराट्याचा हीर उपसला की बाण. त्या दोन वर्षांत लोह्यातले निम्मे बाप पावसात भिजले आणि निम्मी अंगणं झाडायची राहिली. पुढे ते सगळे धनुर्धर तलाठी, शिक्षक, विमा एजंट झाले आणि तो विषय संपला.

खरं धनुष्य बघायचं तर नांदेडला जावं लागतं. सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरु गोविंदसिंघजींची शस्त्रं जतन केलेली आहेत, त्यांत धनुष्य-बाणही आहेत. १७०८ मध्ये नांदेडहूनच त्यांनी बंदासिंघ बहादूर यांना पाच बाण देऊन पंजाबकडे धाडलं, असं परंपरा सांगते. पण तिथं हात जोडून यायचं असतं, टेप लावायचा नसतो. आमच्याच तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोडा मिळतो, गाढव मिळतं, उंट दिसतो, घुंगरमाळ, चाबूक, घोंगडी, जे म्हणाल ते मिळतं. धनुष्य मागितलं तर प्लास्टिकचं, पुढे रबरी बूच लावलेलं. आणि आमचा देव खंडा चालवणारा असल्यामुळे त्याच्याकडे तक्रार करण्यातही अर्थ नाही.

अशा गावात आमच्या दाजींनी लाकडी धनुष्य करायचं मनावर घेतलं.

दाजी एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. निवृत्त मेकॅनिक घरात असणं म्हणजे काय, हे अक्काला विचारा. घरातलं जे चालतं ते उघडून बघायचं आणि जे चालत नाही ते ‘स्पेअर’ म्हणून ठेवायचं, असा त्यांचा दिनक्रम. त्यात ५ ऑगस्ट २०२३ उजाडला. बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी, वय वर्षे १७, जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जिंकला. ओजसने अंतिम लढतीत १५ बाण मारले आणि १५० पैकी १५० गुण घेतले. म्हणजे ५० मीटरवर आठ सेंटिमीटरचं वर्तुळ आणि त्यात पंधराच्या पंधरा बाण. दोघांचीही तयारी साताऱ्यातली. अदितीचा सराव तर उसाच्या रानातल्या मैदानावर झालेला.

दाजींनी ही बातमी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “सातारला ऊस हाय, आपल्याकडं बी ऊस हाय. मग आडतंय कुठं?”

अडत होतं ते धनुष्यापाशी. त्या स्पर्धेतलं धनुष्य म्हणजे धातू, कार्बन, दोन टोकांना चाकं आणि किंमत ऐकल्यावर माणसाने मोटारसायकलच घ्यावी अशी. दाजी म्हणाले, आपण लाकडाचं करू. नातवंडाने यूट्यूबवर दाखवलं : कुठल्याशा थंड देशात एक दाढीवाला गृहस्थ आपल्या शेडमध्ये लांबलचक पेटीत लाकूड ठेवतो, पेटीत वाफ सोडतो, तासाभराने लाकूड काढतो आणि ते पापडाच्या लाटीसारखं वाकवतो. दाजींनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की त्या गृहस्थाची बायको मागून हाक मारते ते ठिकाणसुद्धा त्यांना पाठ झालं. “हितं त्याला बी जेवायला बोलवायलेत,” असं ते समाधानाने सांगायचे.

पहिली अडचण लाकडाची. त्यासाठी सुतारमामांकडे जाणं भाग होतं. सुतारमामांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ दाजींकडे बघितलं.

“दाजी, माझी सगळी जिंदगी वाकडं लाकूड सरळ करण्यात गेली. तुम्ही सरळ लाकूड घेऊन आलाव आन म्हंतालाव, वाकडं करा.”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. आमच्याकडे लाकूड वाकवायची पद्धत नाही. वाकलेलं लाकूड शोधायची आहे. नांगराला बाक हवा तर सुतार बाभळीभोवती फिरतो आणि जन्मतःच तसा बाक घेऊन आलेली फांदी निवडतो. गाडीच्या चाकाची गोलाईसुद्धा लाकूड वाकवून येत नाही. गोलसर कापलेले तुकडे आऱ्यांवर बसवतात आणि वरून लोखंडी धाव चढवतात. त्या वेळी तापवतात ते लोखंड. गोवऱ्यांच्या जाळात धाव लालभडक होते, पसरते, चाकावर बसते, आणि पाणी ओतलं की आवळून सगळे सांधे घट्ट करते. लाकूड तिथे नुसतं सोसतं. तेव्हा लाकडालाच ऊब देऊन त्याचं मन वळवायचं, ही कल्पना सुतारमामांना थोडी बायकी वाटली असावी.

तरी त्यांनी माळ्यावरून धामणीचा एक दांडा काढून दिला. धामण चिवट, लवचीक. कुऱ्हाडीच्या दांड्याला, गाडीच्या कामाला आणि रानावनातल्या लोकांच्या धनुष्यालाही ती पूर्वीपासून चालत आलेली. दांडा उत्तम होता, फक्त मध्येच डावीकडे झुकलेला. धनुष्याला हे चालत नाही. दोरी चढवल्यावर ती बरोबर मधोमध यावी लागते. नाहीतर पाती पिळवटतात आणि बाण मालकाच्या मताविरुद्ध जातो. शिवाय दाजींना दोन्ही टोकं पुढच्या बाजूला किंचित वळलेली हवी होती, कॅलेंडरावरच्या रामाच्या धनुष्यासारखी. म्हणजे वाफ आलीच.

आता वाफेने नेमकं काय होतं, हे दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगू लागले. लाकूड म्हणजे उभे चिवट धागे आणि त्यांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा डिंक. ओलावा असेल आणि ऊब शंभर अंशांच्या आसपास गेली की हा डिंक मऊ पडतो, धागे एकमेकांवरून थोडे सरकू शकतात. गार झालं की डिंक पुन्हा घट्ट, आणि लाकूड नव्या आकारात राजी. नियम असा की एक इंच जाडीला साधारण एक तास वाफ. ऑस्ट्रियात मायकेल थोनेट नावाच्या माणसाने याच युक्तीवर १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली. बीच लाकडाचे वाफेवर वाकवलेले सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती बोटीने जगभर गेली आणि कोट्यवधींनी खपली. यावर आमच्या मंडप डेकोरेशनवाल्याने एवढंच विचारलं, “एकावर एक रचता येती का?”

पेटीचं काम निघालं. आधी वाफेचा उगम. दाजींनी अक्काच्या कुकरची शिट्टी काढून तिथं रबरी नळी बसवली. हा प्रयोग स्वयंपाकाच्या वेळेपर्यंत चालला. वरणाची वेळ झाली तशी अक्काने काही न बोलता नळी उपटली, शिट्टी लावली आणि कुकर घेऊन आत गेली. तसाही कुकर लहानच. दोन तास वाफ द्यायची तर मध्येच तळ कोरडा पडून तोच कामाला आला असता. मग परसातला तांब्याचा बंब आठवला. गीझर आल्यापासून तो बिचारा तुळशीमागे निवृत्तिवेतनाविना पडून होता. पाणी भरपूर मावतं, मधोमध जाळ, जळण म्हणून पऱ्हाट्या आणि तुराट्या फुकट. झाकणातून वाफ गळू नये म्हणून दाजींनी कडेला कणीक लिंपली. अक्काने चाळून ठेवलेली. शेजारची शेळी रोज सकाळी येऊन ती कणीक खाऊन जायची, त्यामुळे सील आपोआप नवं व्हायचं.

वाफ राहणार कशात? रानातल्या पाइपलाइनचा पीव्हीसी पाइप घरात होताच. लांब, गोल, हलका. बघताक्षणी वाटावं की याच कामासाठी जन्मला. दांडा आत सारला, एक टोक बंबाला जोडलं, दुसऱ्या टोकाला गोणपाट कोंबलं आणि गल्ली गोळा झाली. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतो, हे पाइपवर छापलेलं नसतं. पाऊण तासाने पाइप मधोमध खाली यायला लागला. दोन विटांवर ठेवलेला तो पाइप बघता बघता असा सुंदर, एकसारखा, डौलदार वाकला की कुठल्याही धनुर्धराने मान डोलवावी. आतला दांडा काढून बघितला तर तो होता तसाच, डावीकडे झुकलेला.

“वाकलं की वो दाजी,” सुतारमामा म्हणाले, “फकस्त आतलं ऱ्हायलं.”

मग जुन्या दाराच्या फळ्यांची लांबट पेटी झाली. तिच्यात दाजींच्या मेकॅनिकी डोक्याने जे केलं ते खरोखर बघण्यासारखं होतं. आत बांबूच्या आडव्या कामट्या, म्हणजे दांडा तळाला टेकत नाही आणि वाफ चहूबाजूंनी फिरते. पेटी एका अंगाला किंचित उतरती, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी खालच्या भोकातून बाहेर पडतं. आणि वर आणखी एक भोक, मुद्दाम उघडं ठेवलेलं. गल्लीतल्या प्रत्येकाने ते भोक बुजवायचा सल्ला दिला. “वाफ चाललीय की वाया!” दाजी मात्र हटले नाहीत. एका लिटर पाण्याची सोळा-सतराशे लिटर वाफ होते. तिला जायला वाट नसेल तर ती स्वतः करते, आणि मग दार कुठं आणि दाजी कुठं हे शोधत बसावं लागतं. लाकूड मऊ व्हायला दाब लागत नाही, ऊब आणि ओल लागते. खिळे मात्र लोखंडाचे लागले. बाभळीच्या सालीत आणि लाकडात टॅनिन असतं. ओल्या लाकडात ते लोखंडाला भेटलं की काळं पडतं. पेटीची एक फळी बाभळीची होती. ती आतून शाईच्या दौतीसारखी झाली आणि अक्काने तिथून पुढे दाजींचे शर्ट वेगळे धुवायला सुरुवात केली.

एवढं झाल्यावर पाण्याचा विषय निघाला. मराठवाड्यात तो कुठल्याही गोष्टीनंतर निघतोच. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “आवं, पानी जाळायलाव का काय तुम्ही?” प्रश्न रास्त होता. ज्या मुलखात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि ती गाडी बघायला लोक स्टेशनवर गेले, त्या मुलखात पाणी उकळून हवेत सोडणं म्हणजे नोटा जाळून चहा करण्यापैकी आहे. दाजींनी कागदावर हिशेब मांडला : तासाला काही लिटर फक्त. अक्का म्हणाली, “मग तुमची आंघोळ धरा त्यात.” शेवटी पेटीच्या खालच्या भोकाखाली बादली आली. ठिबकणारं पाणी पुन्हा बंबात. वरच्या भोकातून जाईल तेवढं ढगांच्या खात्यावर.

आता डोळ्यांसमोर चित्र आणा. परसदार. तांब्याचं भांडं, खाली जाळ, वर कणकेचं लिंपण. भांड्यातून निघालेली नळी एका लांब पेटीत गेलेली. पेटीच्या दुसऱ्या टोकाखाली बादली, आणि बादलीत थेंब थेंब काहीतरी पडतंय. वास लाकडी, जरासा आंबूस. मराठवाड्यातल्या कुठल्याही सुजाण नागरिकाला या दृश्याचा एकच अर्थ लागतो.

जमादार संध्याकाळी आले. मोटारसायकल लांब लावून, पाय न वाजवता.

“काय करायलाव?”

“वाफ.”

“कशाची?”

“पाण्याची.”

जमादारांनी बादलीत बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कर्तव्यदक्षता ओसरली आणि जी निराशा आली ती मी विसरणार नाही. पुन्हा एकदा चाखून त्यांनी खात्री करून घेतली.

“पानीच हाय.”

“मग मी काय म्हणालो?”

“कुठलं पानी?”

“नळाचं.”

“नळाचं?” जमादार एकदम सावध झाले. “नळ कवा आला होता? आमच्या गल्लीत नाही आला!”

तपासाची दिशा तिथून बदलली ती बदललीच. जाताना ते बादलीभर पाणी मागून घेऊन गेले की नाही, याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत.

हातभट्टी नाही, हे सिद्ध झाल्यावर लोकांना खरा संशय आला. धनुष्य! महाराष्ट्रात धनुष्यबाण म्हटलं की कुणाला राम आठवत नाही. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेचं नाव आणि हे चिन्ह एका गटाला दिलं, तेव्हापासून घरात छत्रीची काडी वाकवतानाही माणूस आजूबाजूला बघतो. एक कार्यकर्ता येऊन प्रेमाने विचारून गेला, “दाजी, कोणत्या गटाचं करायलाव?” दुसरा आला, तो म्हणाला, “आम्ही नाराज नाही, पण आधी सांगायचं.” तिसऱ्याने उद्घाटनाला साहेबांना आणायची तयारी दाखवली आणि पेटीवर फ्लेक्स कुठल्या बाजूने बसेल ते बघून घेतलं. दाजींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं : “सध्या नुसतं धनुष्य हाय. बाण नाही.” हे उत्तर इतकं मुत्सद्दी होतं की त्यांना नगरपालिकेला उभं राहण्याचा आग्रह सुरू झाला.

वाकवण्याचा दिवस उजाडला. तत्पूर्वी चौकटीतून निघालेल्या जुन्या सागवानाची एक पट्टी वाफवून पाहिली होती. वर्षानुवर्षं वाळलेलं, कडक झालेलं ते लाकूड; मोडण्यापूर्वी त्याने सूचनाही दिली नाही. धामणीचा दांडा म्हणून आधी बैलाच्या हौदात भिजत घातला. लाकूड दाबलं जायला तयार असतं, ताणलं जायला नसतं, हा यातला मुख्य नियम. चांगलं वाफवलेलं लाकूड आतल्या बाजूला पाव हिश्शापर्यंत आकसू शकतं, बाहेरच्या बाजूला मात्र शंभरात एक-दोन भागांपलीकडे ताणलं की तडकतं. थोनेटने याच्यावर तोड काढली ती लोखंडी पट्टीची : बाहेरच्या बाजूने पट्टी घट्ट बसवायची, म्हणजे सगळा ताण पट्टी घेते. दाजींनी भंगारातून कमानपाट्याची एक पातळ पट्टी आणली. एस.टी.ने आयुष्यभर जे दिलं त्यातली ही शेवटची देणगी.

वाफेतून काढलेलं लाकूड थांबत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे वाकेल ते वाकेल. नंतर डिंक गार होऊ लागतो आणि लाकूड आपल्या जुन्या मतावर येतं. म्हणजे हात बरेच हवेत आणि बोलणं कमी हवं. आमच्याकडे याच्या बरोबर उलट सोय आहे. महिनोन्‌महिने दाजींना फुकट सल्ला देणारी सगळी मंडळी कडेने उभी होती. दाजींनी हातमोजे घातले, दार उघडलं, वाफेचा लोट आला आणि त्यात आम्हाला दिसेनासे झाले. आतून आवाज आला, “धरा!” सगळ्यांनी मोबाइल धरले.

“वरून दाबा!” “वरून नका, खालून उचला!” “आधी नारळ फोडा!” “दाजी, जरा हिकडं बघा!” या कोलाहलात दांडा साच्यावर आला, सुतारमामांनी एका टोकावर अक्षरशः बूड टेकवलं, मी शिकंजा फिरवला, दाजींनी पट्टी आवळली आणि काम झालं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत. गर्दीला हे पटलं नाही. इतक्या दिवसांच्या धुरानंतर काहीतरी फुटायला हवं होतं, निदान भाजायला तरी. “बस्स?” एकाने विचारलं. “बस्स,” दाजी म्हणाले. लोक नाराज होऊन घरी गेले.

खरं काम त्यानंतर होतं आणि ते बघायला कुणी नव्हतं. दांडा साच्यात बांधून गार होऊ द्यायचा. सोडल्यावर तो थोडा मागे येणारच, म्हणून मुळातच हव्या त्यापेक्षा जास्त वाकवलेला. मग वाळवण. वाफेने शोषलेली ओल असताना दोरी चढवली तर धनुष्य कायमचं पोक काढून बसतं. लोह्याच्या उन्हात वाळवणं सोपं वाटतं, पण तिथंच फसगत आहे : टोकं आधी वाळतात, आकसतात आणि चिरतात. म्हणून टोकांना मेण लावून दांडा सावलीत, कणगीच्या मागे. वाळल्यावर तासणं. दोन्ही पाती एकसारखी वाकेपर्यंत जी ताठ असेल तिची धूळ धूळ काढायची. काढलेलं परत लावता येत नाही. दोरीचा प्रश्न कौटिल्याने सोडवून ठेवलाय. अर्थशास्त्रात प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, जनावराचे स्नायू अशी यादी आहे. आमच्याकडे अंबाडीचा दोर बैलाला धरून ठेवतो, तो बाणाला का सोडणार नाही, म्हणून अंबाडी वळली. ताणकाटा कापूसवाल्याकडून आणला. धनुष्याचा ताण तीस पौंड भरला. बाणासाठी तुराटी घेतली, ती सुटताना मोडली, मग बांबू. निशाणासाठी कडब्याची पेंढी उभी केली. पहिला बाण पेंढीच्या बाजूने गेला. दुसऱ्या दिवशी दाजी नेम धरून उभे राहिले तेव्हा पेंढी जागेवर नव्हती. निशाण म्हशीने खाल्लं होतं.

धनुष्य झालं, चाललं, बाण लागू लागला. आणि गावाने पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं, “आता ह्याचा उपेग काय?”

याला उत्तर नव्हतं. त्याच्यावाचून दाजींचं अडलं नाही, पण गावाचं अडलं. ज्याला उपयोग नाही असं काही गावात उभं राहावं, हे लोह्याला सहन होत नाही. मग गावाने स्वतःच काम हाती घेतलं. आधी सुतारमामा आले, कुऱ्हाडीचे आणि टिकावाचे वाकलेले दांडे घेऊन. वाफेवर ठेवले, फळीला आवळले, सरळ करून नेले. वाकवायची पेटी सरळ करायला लागली याचा त्यांना झालेला आनंद मी काय सांगू. मग एका आजोबांची काठी. मग क्रिकेटची बॅट, तिचं जे झालं ते सांगण्यासारखं नाही. नंतर मक्याची कणसं. नंतर भुईमुगाच्या शेंगा. श्रावणात नागपंचमी आली. त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. घरोघरी पुरणाचे दिंड उकडायचे. अक्काने पेटी बघितली, आतल्या कामट्या बघितल्या, उतार बघितला, वरचं भोक बघितलं. काळी फळी काढायला लावली, नवी आंब्याची बसवली, कामट्यांवर हळदीची पानं अंथरली आणि अख्ख्या गल्लीचे दिंड एका वाफेत काढले. काकूंनी पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शेळी कणकेसाठी आली ती पुरण खाऊन गेली.

दाजी हे सगळं बाजूला उभे राहून बघत होते. पेटीने लाकूड किती वाकवलं ते आम्ही मोजलं होतं, अंशात. गावाने पेटीला किती वाकवलं, ते मोजायला आमच्याकडे साधन नव्हतं.

राहिलं धनुष्य. त्याचाही उपयोग निघाला. गल्लीत एका सुनेचं डोहाळजेवण होतं. आपल्याकडे सातव्या महिन्यात तिला झोपाळ्यावर बसवतात, हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि हातात फुलांनी मढवलेलं धनुष्य, फोटोपुरतं. नांदेडहून भाड्याने आणायचं ते थर्माकोलचं, मागच्या वेळी झोपाळ्यावरच मोडलं होतं. कुणाला तरी दाजींची आठवण झाली. खरं, लाकडी, वाफेवर वाकवलेलं! झेंडू आणि शेवंतीत ते असं दिसलं की त्या फोटोंनंतर दिवाळीपर्यंतच्या तारखा धरल्या गेल्या. एका कार्यक्रमात तर सुनेच्या आजेसासूबाईंनी ते तीस पौंड कानापर्यंत ओढून दाखवलं. ओढलं ते ठीक; सोडायच्या बेतात असताना दाजी पंगतीतून हात न धुता धावले. बाणाशिवाय दोरी सोडली की बाणाने न्यायचा सगळा जोर धनुष्याच्याच अंगात परत शिरतो आणि ते तिथल्या तिथे फुटू शकतं. आजींना हे समजावताना त्यांचा घाम निघाला. आजी म्हणाल्या, “मग बान दे की.”

तेव्हापासून धनुष्यासोबत एक पुठ्ठा लटकवलेला असतो. दाजींच्या हस्ताक्षरात, एस.टी.तल्या सूचनांच्या वळणावर :

अनामत आधी. बाणाशिवाय दोरी सोडू नये. बाणासह तर मुळीच सोडू नये. फुले दोऱ्याने बांधावीत, टाचण्या टोचू नयेत. धनुष्य कोणत्या गटाचे, याची चौकशी करू नये.